डाव्या हाताची चिठ्ठी

रविवारी दुपारी एक वाजता लिफ्टताईने खाणीचा नकाशा चौथ्यांदा काढायला घेतला, आणि चौथ्यांदा भुयाराची सरळ भिंत पार वाकडीतिकडी झाली. तिने पेन्सिल टेबलावर आपटली. तीन वाजता चौघं येणार होते. दर रविवारसारखेच येणार, चपला दारात फेकणार, बिस्किटांचा फडशा पाडणार आणि सात वाजेपर्यंत खेळणार. फरक एवढाच, की त्या चौघांतला एक जण दुसऱ्याला घरी मारत होता. हे तिला सहा दिवसांपूर्वी कळलं होतं.

लिफ्टताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, मित्रांनी चिकटवलेलं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर बसायची. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं, की त्याचा आवाज थेट हिच्या कानात. "घाबरू नका, माणूस निघालाय, दाराला हात लावू नका," हे ती दिवसातून वीसदा इतक्या शांतपणे म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई वाघासमोरही चहा पीत बसेल. डोंबल! घरी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी ही. जात्याच भित्री. फोनवरचा तो आवाज नोकरीचा होता, तिचा नव्हता.

आणि रविवारी ती सूत्रधार असायची. खेळ म्हणजे पत्ते नाहीत की कॅरम नाही, गोष्टीचा खेळ. सूत्रधाराने जग सांगायचं, डोंगर, दऱ्या, राक्षस, सगळं तोंडाने. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या जगात वाट्टेल ते करायचं. "मी दार लाथेने उघडतो," असं कुणी म्हटलं की फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर दार उघडलं, छोटा पडला तर पाय मुरगळला. नऊ वर्षं हे चाललं होतं. कमावती, केस पिकत आलेली माणसं आठवडाभर ह्या चार तासांची वाट बघायची. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांना खुशाल वाटू दे.

चौघांत एक मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, एकटे राहायचे आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक बहुधा उशाशी घेऊन झोपायचे. इतका सरळ माणूस, पण खेळात चोर व्हायचा. दुसरी डॉक्टरीणबाई, दातांची. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. ही खेळात म्हातारा जादूगार. उरलेले दोघे सख्खे भाऊ, आईवडील गेल्यापासून एकाच घरात राहणारे. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती.

थोरला घरसामान हलवणाऱ्या गाडीवर होता. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन तीन मजले चढायचा. आवाज म्हणजे नगारा. खेळात तो सरदार, आणि फासा मनासारखा पडला की टेबलावर अशी मूठ हाणायचा की कप बशीतून उडायचे. एकदा आनंदाच्या भरात त्याने खुर्चीचा पायसुद्धा मोडला होता. धाकटा त्याच्या अगदी उलट. औषधांच्या दुकानात काम, बोलणं हळू, चहा प्यायला की कप स्वतः विसळून पालथा घालणार. खेळात तो वैदू. दर बुधवारी येऊन तो ताईच्या आईला इंजेक्शन देऊन जायचा आणि काही द्यायला गेलं तर कानावर हात ठेवायचा. आईचा तो लाडका.

आता ह्या मंडळींची एक रीत होती. नवी गोष्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपल्या पात्राची सगळ्यात मोठी भीती लिहायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहायचं ते डाव्या हाताने. सूत्रधाराने त्या चार भीती गोष्टीत पेरायच्या, पण कुठली कुणाची हे शोधायच्या भानगडीत पडायचं नाही. हा नियम अर्थात मास्तरांनी घातलेला.

सोमवारी चहाच्या सुट्टीत ताईने डबा उघडला होता. पहिली चिठ्ठी, 'खोल पाणी'. दुसरी, 'आरसे'. तिसरी, 'आपण कोण होतो ते विसरणं'. तिला हसू आलं होतं, मास्तर किंवा डॉक्टरीणबाई, दोघांपैकी कुणीतरी तत्त्वज्ञ झालंय. मग चौथी. ती दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती.

'संध्याकाळी किल्लीचा आवाज आला की माझे हात गार पडतात. माझ्या खोलीची कडी त्याने काढून टाकली आहे. कारण लागत नाही. काल ओल्या टॉवेलवरून झालं. तो भाऊ आहे म्हणून कुणाला सांगता येत नाही. मला घरी जायची भीती वाटते.'

पात्रांपैकी कुणालाच घर नव्हतं. ती टोळी गेलं वर्षभर तंबूत झोपत होती. आणि वैदू, सरदार, जादूगार, चोर यांच्या जगात टॉवेल कुठून येणार? चिठ्ठी पात्राची नव्हती, माणसाची होती. भाऊ म्हटल्यावर दोघंच उरले. आणि दोघांतला मार खाणारा कोण, हे काय सांगायला हवं?

ताईला पुरावे भराभर आठवत गेले. धाकट्याच्या उजव्या हाताची बोटं गेल्या रविवारी सुजलेली होती. "दुकानाचं शटर लागलं," म्हणाला होता आणि हसला होता. थोरला हसायच्या आधी नेहमी धाकट्याकडे बघायचा, डोळे रोखून. ते बघणं आठवून आता तिच्या अंगावर काटा आला. एवढा मोठा देह, एवढ्या मुठी! खुर्चीचा पाय मोडणाऱ्याने त्या बिचाऱ्याचं काय केलं असेल?

डॉक्टरीणबाईला सांगावं असं दहादा मनात आलं. पण तिच्या पोटात काही राहत नाही. मास्तरांना सांगावं तर ते म्हणणार, चिठ्ठीचा मालक शोधलास म्हणजे नियम मोडलास. आणि थोरल्याच्या कानावर चुकून गेलं, की चिठ्ठीत काय लिहिलंय ते ताईला कळलंय, तर त्या संध्याकाळी घरी धाकट्याचं काय होईल? ह्या एका विचाराने तिची झोप उडाली होती. धाकट्याशी एकट्याने बोलायचं, पण थोरल्याला संशय येऊ द्यायचा नाही. फोन करावा तर दिवसा दुकानात गर्दी, रात्री दोघे एकत्र. बुधवारी तो इंजेक्शनला आला तेव्हा थोरला गाडी घेऊन खाली उभा होता, हॉर्न वाजवत.

म्हणून तिने खाण रचली.

खेळात टोळी फुटली, एखादं पात्र एकटं पडलं, की सूत्रधार त्या एकाला स्वयंपाकघरात नेऊन त्याच्यापुरती गोष्ट सांगायचा. बाकीच्यांनी बाहेर चहा प्यायचा, आत डोकवायचं नाही. ही त्यांची दुसरी रीत. तेव्हा ताईने अशी खाण काढली जिच्यात उतरायला एकच पाळणा होता आणि पाळण्यात एकच माणूस मावत होता. लिफ्टबद्दल तिला कोण शिकवणार! दोर किती जाड, वजन किती पेलतो, दोघे बसले तर काय तुटतं, सगळं तिने लिहून ठेवलं, कारण मास्तर खोट काढणार हे ठरलेलं. 'दोन हलकी माणसं चालतील का?' नाही. 'दुसरा दोर बांधला तर?' कप्पी एकच आहे. 'मी भिंतीवरून उतरलो तर?' भिंत ओली आहे. अशी सतरा उत्तरं एका कागदावर.

दुसऱ्या कागदावर खरं काम. आतल्या खोलीत गादी घातली. नवा दातांचा ब्रश आणला. घराची जादा किल्ली करून घेतली. आणि धाकट्याला सांगायचं वाक्य बेसिनवरच्या आरशासमोर पुटपुटून पाठ केलं. "आज तू घरी जायचं नाहीस." सोपं वाक्य, पण दर वेळी 'घरी' म्हणताना तिचा आवाज चिरकायचा.

"आज कोण मरणार गं?" आईने आतून विचारलं. आईला खेळातलं काही कळत नसे, पण कोण मेलं ते मात्र दर रविवारी कळायला हवं असे.

"कोणी नाही!" ताई एवढ्या जोरात ओरडली की आई बाहेर येऊन तिच्याकडे बघत राहिली.

"तुझं तोंड पांढरं पडलंय," आई म्हणाली.

"खेळाची तयारी करतेय, आई."

"खेळाला एवढं घाबरतं का कुणी?" असं म्हणून आई शेजारणीकडे गेली, ती संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. ताईला बरंही वाटलं आणि एकटंही.

तीनला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. भाऊ नेहमी सगळ्यांच्या आधी येत. थोरला दार भरून उभा, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट. "काय सूत्रधार, आज किती राक्षस?" त्याने गडगडाट केला. ताई दचकून एक पाऊल मागे सरली. त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने हात खिशात घातले. मागून धाकटा आला, चपला जोडीने लावल्या, थोरल्याच्याही लावल्या. "ताई, तुझी तब्येत बरी आहे ना?" त्याने हळूच विचारलं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. एवढं सोसून हा दुसऱ्याची चौकशी करतो!

मग डॉक्टरीणबाई आली, मग मास्तर पुस्तक काखेत घेऊन. खेळ सुरू झाला. ताईने पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. त्याच्यामागे सूत्रधाराचे कागद आणि फासे, जे बाकीच्यांनी बघायचे नसतात. तोंडाने ती खाणीचं वर्णन करत होती, वारा कसा घुमतो, पाळण्याची फळी कशी करकरते, आणि मनात मोजत होती, अजून दहा मिनिटं, अजून पाच.

"पाळणा एकच. माणूस एकच," ती म्हणाली.

"दोन हलकी माणसं..." मास्तर सरसावले.

"नाही."

"दुसरा दोर..."

"कप्पी एकच आहे, मास्तर!"

"आज सूत्रधार चावरी झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि चहात बिस्किट बुडवलं.

आधी कोण उतरणार हे फाशाने ठरवायचं होतं. एक मास्तर, दोन धाकटा, तीन डॉक्टरीणबाई, चार थोरला. पाच-सहा पडला तर पुन्हा टाकायचा. ताईने आडोशामागे फासा टाकला. चार पडला. थोरला. तिने फाशावर तळहात ठेवला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खेळात लबाडी केली. "दोन," ती म्हणाली. "वैदू."

धाकटा उठला. थोरल्याने मान वर केली, तोंड उघडलं, परत मिटलं. ताईला वाटलं, त्याला संशय आला.

स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"काय दिसतं मला खाली?" धाकटा हसत म्हणाला. तो अजून खेळातच होता.

"खेळ राहू दे. तुझी चिठ्ठी वाचली मी."

"कुठली?"

लाजतोय बिचारा, तिला वाटलं. तिने चिठ्ठी काढून त्याच्या हातात ठेवली, आणि पाठ केलेलं सगळं एका दमात ओतलं. "थोरला तुला मारतो, मला ठाऊक आहे, तुला काही बोलायची गरज नाही, आज तू घरी जायचं नाहीस, आतल्या खोलीत गादी घातलीय, ही घे किल्ली."

धाकट्याने किल्लीला हात लावला नाही, चिठ्ठी वाचली. उलटून मागची बाजू वाचली. मग पहिली बाजू पुन्हा. सहा दिवस ताईने हा क्षण डोळ्यांसमोर आणला होता. तो रडेल, नाही म्हणेल, चिडेल, सगळं धरून चालली होती. पण त्याचा चेहरा दुकानात कुणी बाटली भलत्याच खणात ठेवल्यावर होईल तेवढाच त्रासलेला होता. त्याला भीती वाटत नव्हती. हे तिच्या अंगाला आधी कळलं, डोक्याला नंतर.

"ही माझी नाही, ताई. मी 'खोल पाणी' लिहिलं होतं."

नळाचं पाणी भांड्यावर आदळत राहिलं.

"म्हणजे दादासाहेबांनी लिहिलीय," तो म्हणाला, तितक्याच हळू, तितक्याच गोड. "डाव्या हाताने. केवढे कष्ट घेतलेत बघ." त्याने चिठ्ठीची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "आणखी कुणाला दाखवलीस?"

"डॉक्टरीणबाईला," ताई म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलणं तुला जमत नाही," तो म्हणाला. मग हात लांब करून त्याने नळ बंद केला. "पाणी वाया जातंय. चल, बाहेर वाट बघत असतील. आणि हे बघ, घरातलं घरात राहू दे. आम्ही दोघे बघून घेऊ. आज जरा लवकर निघू आम्ही."

नळाच्या तोटीवरून त्याची बोटं सरकली तेव्हा तिला ते अजून सुजलेले सांधे दिसले. शटर बोटांची टोकं चिरडतं. मुठीचे सांधे सुजतात ते मारणाऱ्याचे. एवढी साधी गोष्ट! तिने वाचवायला म्हणून हात पुढे केला होता, आणि मार खाणाऱ्याची चिठ्ठी नेऊन मारणाऱ्याच्या हातात दिली होती. शहाणी कुठली! फासा तर थोरल्याचं नाव सांगत होता.

बाहेर धाकट्याने खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाला, "दादा, आज जरा लवकर निघू या. घरी काम आहे."

थोरल्याचा बिस्किट धरलेला हात अर्ध्या वाटेत थांबला. त्याने धाकट्याकडे पाहिलं, तसंच, डोळे रोखून. नऊ वर्षं ताई ते बघणं पाहत आली होती. तो रागाने बघत नव्हता. हसू की नको, हे विचारत होता.

"पुढे सरदार," ताई म्हणाली.

"मी पण येतो ना दादाबरोबर," धाकटा म्हणाला. "अंधार आहे खाली. तो एकटा घाबरेल."

डॉक्टरीणबाई खो खो हसली. "सरदार? आणि घाबरेल?"

"काय हरकत आहे, ताई? एवढं काय त्यात?" धाकटा उठलासुद्धा.

ताईच्या सतरा उत्तरांतलं एकही तिला आठवेना. तेवढ्यात मास्तरांनी पुस्तकावर बोट ठोकलं. "अजिबात नाही. आत्ता मला नाही म्हणालीस ना? मग सगळ्यांना नाही. पाळण्यात एकच. नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी धाकट्याला बाहीला धरून खाली बसवलं. मास्तरांना कशाची म्हणजे कशाची कल्पना नव्हती. पण त्या क्षणी ताईला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

थोरला आत आला आणि स्वयंपाकघर भरून गेलं. दार लागताच त्याने विचारलं, "चिठ्ठी दिलीस त्याला?"

तिने मान हलवली.

थोरला ओट्याला टेकून हळूहळू खाली सरकला आणि फरशीवर बसला. गुडघे छातीशी. मघाचा नगारा कुठे गेला कोण जाणे. "मला वाटलं होतं, तू ओळखशील," तो म्हणाला. "दिवसभर लोकांचे आवाज ऐकतेस ना तू. दर रविवारी मी एवढा ओरडतो, तुला कधीच काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, तूच..." ती म्हणाली.

"सगळ्यांना तेच वाटणार. म्हणून तर." त्याने बाही वर केली. ताईने बघितलं आणि तोंडावर हात दाबून धरला. "आठवीत होता तो, बाबा गेले तेव्हा. डबा भरून दिलाय मी त्याला. मी एक टोला दिला ना, तर तो उठणार नाही. म्हणून हात बांधून उभा राहतो. आणि कुणाला सांगू? माझ्याकडे बघ. लोक हसतील."

"मी नाही हसणार."

"आज काय होईल, ठाऊक आहे तुला?"

तिला ठाऊक होतं. पळून कुठे जाणार, स्वतःचंच घर. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं. तिने थोरल्याचा हात धरला, त्याला उठवलं आणि दार उघडलं.

"खेळ थांबला," ती बाहेर येऊन म्हणाली. "थोरला आज घरी जाणार नाही. धाकटा त्याला मारतो."

धाकटा हसला, आणि खरं सांगायचं तर इतकं निर्मळ हसला की दुसऱ्या कुणीही त्याचीच बाजू घेतली असती. "खेळात की खरं?" त्याने विचारलं. "ताई, बघ तरी आमच्याकडे. त्याचा एक हात माझ्या दोन पायांएवढा आहे. बुधवारी आईंना सुई टोचताना माझा हात थरथरतो, आणि मी ह्याला मारतो?"

मास्तर एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. ताईला वाटलं, संपलं. कोण विश्वास ठेवणार?

डॉक्टरीणबाईने कप खाली ठेवला. तिचं हसू पार मावळलं होतं. "तुझे दोन दात मी बसवलेत," ती थोरल्याला म्हणाली. "एक मागच्या वर्षी, एक ह्या जानेवारीत. दोन्ही वेळा म्हणालास, कपाट निसटलं."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं नाही. "वीस वर्षांत माझ्या हातून एकही कपाट निसटलेलं नाही," तो म्हणाला.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. ते उठले आणि दोघा भावांच्या मध्ये येऊन उभे राहिले. काटकुळा माणूस, उभं राहून तरी काय करणार होता? पण राहिले.

धाकट्याने आपले फासे गोळा केले, पिशवीत घातले, नाडी ओढली. दारापाशी जाऊन चपला घातल्या. मग थोरल्याच्या चपला उचलून नीट उंबऱ्यापाशी मांडल्या. "दादा, चल," तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला.

थोरला हलला नाही.

"दादा, लोकांच्या घरात तमाशा नको. चल."

थोरल्याचे हात पँटच्या शिवणीशी चाळवत होते.

"दादा." तिसऱ्यांदा. आवाज जराही चढला नव्हता.

आणि थोरल्याने पाऊल उचललं. एक टाकलं, दुसरं टाकलं. ताईने त्याचा दंड धरला, तो तसाच तिला ओढत निघाला. "जाऊ दे मला," तो पुटपुटला. "मी गेलो की सगळं शांत होतं." उंबऱ्यापाशी येऊन त्याने आपल्या चपलांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मी नाही येत." इतका लहान आवाज त्या घरात कधी कुणी ऐकला नव्हता. मास्तरांनी दार लोटलं, डॉक्टरीणबाईने कडी घातली.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. मग बेल वाजली. एकदाच, हलकेच, पाहुणा आल्यासारखी.

ताईने पोलिसांना फोन लावला. पलीकडून एका माणसाने पत्ता विचारला, तो तिने दिला. मग तो म्हणाला, मार कुणाला बसतो, त्याच्याकडे द्या फोन. थोरल्याने फोन दोन्ही हातांत धरला. नाव सांगितलं, वय चव्वेचाळीस. मारणारा कोण? भाऊ. वय? सदतीस.

"म्हणजे मोठा भाऊ लहान भावाला मारतो," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुम्ही लहान ना?"

"नाही," थोरला म्हणाला. "मोठा मी."

"परत सांगा. मारतो तो मोठा की..."

बेल पुन्हा वाजली. त्याने ताईकडे बघितलं आणि फोन तिच्यापुढे धरला. तिने फोन घेतला.

"बरोबर ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली. "मार खाणारा मोठा आहे. माझीही तीच चूक झाली होती. तसंच लिहून घ्या आणि माणूस पाठवा, मी फोन ठेवत नाही."